नावाची अट

पाचव्या मजल्यावर पाणी सातला येतं, नऊला जातं.
त्या दोन तासांत मी बादल्या भरल्या,
कॉफी उतू घालवली
आणि तीस वर्षांचं काम जगाला देऊन टाकलं.

फार काही करावं लागत नाही.
एक चौकट उघडते, तीत सहा वाक्यं.
पहिलं म्हणतं : सर्व हक्क राखीव.
खालचं कुठलंसं म्हणतं : घ्या, उतरवा, बदला, विका हवं तर,
फक्त नाव सांगा.
त्याच्यावर बोट ठेवलं.

सेरोज म्हणाला होता, "वेडी आहेस, आर्पेनिक.
डोळे तू फोडलेस,
आता उभं पीक कापून नेतील दुसरेच."
संस्थेत आम्ही दोघं एकाच हीटरला पाय लावून बसायचो,
त्याची वही तो हाताच्या कोपराने झाकायचा.

एक हजार चारशे पुष्पिका.
पोथी संपली की लेखनिक शेवटच्या पानावर
स्वतःचं चार ओळींचं रडगाणं लिहायचा, त्या.
शाई गोठली. कातडं महागलं.
शिपाई आले, उरलेलं गुहेत बसून लिहिलं.
मला हसू नका, बोटं सुजलीत.
आणि बहुतेकांच्या तळाशी तेच :
जो कोणी ही पोथी उतरवून घेईल
त्याने माझं नाव गाळू नये.

म्हणजे चौकटीतलं ते वाक्य
वकिलांना सुचलेलं नव्हतंच.

फेब्रुवारीत बर्नहून पत्र आलं.
उर्सिना काथोमास, जुने हिवाळे मोजते.
परवानगी तिने मागितली नव्हती. मागायची नव्हतीच,
तरी मला ते जरा लागलं.
माझ्या पुष्पिकांतून तिने नुसती थंडी वेचली होती;
आया, देव, कर्ज, सुजलेली बोटं, सगळं जागच्या जागी ठेवून.
माझा खाचेर तिच्या नकाशावर
एक निळा ठिपका झाला होता.

"त्या वर्षी," तिने लिहिलं, "आसपासच्या नऊ नोंदी कोरड्या आहेत.
टोळ, धूळ, आटलेल्या विहिरी.
एकटा खाचेर म्हणतो,
बर्फ दारापाशी उभा राहिला, ईस्टरपर्यंत.
बर्फ उभा राहतो का, बाई?"

मी रागाने स्कॅन उघडला.
मोठा केला. आणखी मोठा केला.
आमच्या लिपीत बर्फ आणि घोडा यांच्यात
एकाच अक्षराचं अंतर आहे,
आणि ते अक्षर
मागच्या पानावरून झिरपलेली शाई होती.

घोडा दारापाशी उभा राहिला, ईस्टरपर्यंत.

वरच्याच ओळीत होतं,
भाऊ मीठ आणायला गेला, शरदात.
वीस वर्षं मी त्या दोन ओळी एकीखाली एक छापत आले
आणि रिकामं खोगीर मला दिसलं नाही.

त्या रात्री शेगडी लावायची राहिली.
सकाळी दुरुस्ती केली, शेजारी लिहिलं :
हे उर्सिना काथोमास हिच्यामुळे.
तिच्या नकाशावरचा ठिपका पुसला गेला.
सेरोजला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता,
मग म्हणाला, "माझ्या वहीतही असतील गं असे."
मी म्हटलं, "असतील."

आता उरलं बैरूत.
तिथल्या आमच्या शाळेने, मला न विचारता,
मुलांसाठी कॅलेंडर छापलंय.
फेब्रुवारीच्या पानावर एक दार,
दाराशी गुडघाभर बर्फ, शहाण्यासारखा उभा, वाट पाहत,
आणि चित्र इतकं सुंदर
की मला हेवा वाटला त्या चुकीचा.

दिलेलं परत घेता येत नाही.
तेही चौकटीत होतं, बारीक अक्षरांत.

अट मात्र त्यांनी पाळली आहे.
बर्फाखाली दोन नावं :
लिहिणारा खाचेर.
वाचणारी आर्पेनिक,
ठळक टायपात, लांबूनही दिसेल असं.